बाळाच्या वस्तूंची यादी आणि हातातला पैसा

प्रश्न : मला सहावा महिना सुरू आहे. हे आमचे पहिलेच बाळ. ह्यांचा पगार गेल्या काही महिन्यांपासून कमी झाला आहे आणि माझी नोकरी कंत्राटी असल्यामुळे बाळंतपणाच्या सुट्टीत मला पगार मिळणार नाही. एका मैत्रिणीने बाळासाठी लागणाऱ्या वस्तूंची लांबलचक यादी पाठवली, आणि ती वाचल्यापासून माझी झोप उडाली आहे. ह्यांचे म्हणणे असे, की पहिल्या बाळाला काही कमी पडायला नको, सगळे हप्त्यांवर घेऊन टाकू. थोरल्या जाऊबाई त्यांच्या मुलाचे कपडे, कठड्याचा लाकडी पलंग, बाबागाडी आणि गाडीत बसवायची बाळाची खुर्ची द्यायला तयार आहेत; पण आपल्या बाळाला सगळे जुनेच वापरायचे या विचाराने मन खट्टू होते, आणि त्या वस्तू सुरक्षित असतील का हेही कळत नाही. शिल्लक फार नाही. खर्च कुठे करावा, हात कुठे आखडावा आणि काय मुळीच घेऊ नये, हे कृपया सांगा.
— एक होणारी आई

उत्तर : ताई, हप्त्यांचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचे उत्तर ठरले की यादीतल्या निम्म्या वस्तूंचे उत्तर आपोआप ठरते. हप्त्यांवर काहीही घेऊ नका. कर्ज सरसकट वाईट असते असे माझे मत नाही. पण तुमच्या बाबतीत वस्तू घरात येईल तेव्हा दोन पगार असतील आणि हप्ते फेडायचे महिने येतील तेव्हा एकच पगार असेल, तोही कमी झालेला. बाळाला लागणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू बाळ झाल्यानंतरही एका दिवसात आणता येते, आणि तेव्हा ती खरोखर लागते की नाही हेही तुम्हाला कळलेले असते. रोख रकमेचे तसे नाही. मध्यरात्री कळा सुरू झाल्या, प्रसूतीनंतर रुग्णालयात दोन दिवस जास्त राहावे लागले किंवा बाळाला कावीळ झाली म्हणून प्रकाशोपचारासाठी थांबावे लागले, तर त्या वेळी घरातली नवी कोरी बाबागाडी कामाला येत नाही.

म्हणून वस्तूंची यादी काही दिवस बाजूला ठेवून तुम्ही दोघे महिन्यांची यादी करा. एक वही घ्या आणि आजपासून बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंतच्या प्रत्येक महिन्याला एक पान द्या. पानाच्या वर त्या महिन्यात निश्चित येणारे पैसे लिहा, येतील अशी केवळ आशा असलेले पैसे लिहू नका. खाली घरभाडे, वीज, प्रवास, रोजचे जेवण, आधीची देणी हे टळू न शकणारे खर्च लिहा. तुमचा पगार ज्या पानावर थांबतो ते पान पाहून आधी भीती वाटेल, पण ते पान सहाव्या महिन्यात पाहिलेले नवव्या महिन्यात पाहण्यापेक्षा कितीतरी बरे, कारण मधल्या काळात काही करता येते. तुमच्या कार्यालयात रजेचे नियम लेखी विचारून घ्या. कंत्राटी नोकरी म्हणजे काहीच मिळणार नाही, असे गृहीत धरू नका. कायद्याने किंवा विम्याने कंत्राटी कामगारालाही काही देणे लागते का, हे मनुष्यबळ विभागाकडून आणि स्थानिक कामगार कार्यालयाकडून स्वतंत्रपणे समजून घ्या. आरोग्य विमा असेल तर त्यात प्रसूतीचा खर्च येतो का, त्यासाठीचा प्रतीक्षा काळ (विमा घेतल्यापासून तो खर्च मिळू लागेपर्यंतचा काळ) संपला आहे का आणि जन्मानंतर किती दिवसांत बाळाचे नाव विम्यात घालावे लागते, ही तीन उत्तरे आजच मिळवा, कारण मुदत एकदा चुकली की नंतर विनंतीचा फारसा उपयोग होत नाही.

या महिन्यांच्या यादीतला सर्वांत मोठा खर्च बहुधा प्रसूतीचाच असेल, आणि नेमका तोच मैत्रिणीने पाठवली तसल्या यादीत कुठेही नसतो. रुग्णालयाला साध्या प्रसूतीचा आणि शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूतीचा असे दोन्ही अंदाज लेखी मागा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मधल्या माहितीप्रमाणे जगातल्या दर पाच जन्मांपैकी एकाहून अधिक जन्म सिझेरियनने होतात. म्हणजे ही अपवादात्मक शक्यता मानून हिशेबातून वगळण्यासारखी नाही. शस्त्रक्रिया झाली तर रुग्णालयातला मुक्काम वाढतो, सावरायला अधिक आठवडे लागतात आणि घरात मदतीची गरजही अधिक काळ राहते. शक्य असेल तर दुसऱ्या अंदाजाएवढी रक्कम वेगळी ठेवा आणि गरज पडली नाही तर तीच पुढच्या महिन्यांना वापरा. सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीची सोय असेल तर ती स्वतः जाऊन पाहा. तिथे किती प्रसूती होतात, रात्री डॉक्टर हजर असतात का, रक्ताची आणि नवजात बाळाच्या उपचारांची सोय आहे का, हे विचारा. खोलीतल्या पडद्यांपेक्षा या उत्तरांवर रुग्णालय निवडावे, असे मी कुठल्याही आर्थिक परिस्थितीतल्या जोडप्याला सांगेन.

आता हात कुठे आखडू नये, ते सांगते. तुमच्या तपासण्या, तुमच्या गोळ्या आणि तुमचे जेवण यांतला एक पैसाही वाचवू नका. गरोदरपणात आरोग्यसेवकांशी किमान आठ भेटी व्हाव्यात अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ पासूनची शिफारस आहे, आणि शेवटच्या तीन महिन्यांत त्या अधिक वेळा असतात, कारण वाढलेला रक्तदाब किंवा रक्तक्षय त्याच काळात गुपचूप वाढतो. ‘मला बरे वाटते आहे, ही एक भेट राहू दे’ हा विचार पैशांची ओढाताण असलेल्या घरात फार सहज येतो. तो येऊ देऊ नका. लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या बहुतेक ठिकाणी सरकारी केंद्रांत विनामूल्य किंवा अगदी स्वस्तात मिळतात, आणि महागड्या वेष्टनातल्या गोळ्यांहून त्या कमी गुणाच्या नसतात. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर किंवा हातांवर अचानक सूज, रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही झाले तर खर्चाचा विचार न करता त्याच घटकेला रुग्णालय गाठायचे आहे. त्यासाठी लागणाऱ्या वाहनाचे पैसे एका पाकिटात घालून दाराजवळ ठेवा आणि त्या पाकिटाला दुसऱ्या कुठल्याही कारणासाठी हात लावायचा नाही असे ठरवून टाका.

आता बाळाच्या वस्तूंकडे येऊ. नवजात बाळ दिवसातले १४ ते १७ तास झोपते आणि उरलेल्या वेळातला मोठा भाग दूध पिण्यात, ओले होण्यात आणि कोरडे होण्यात घालवते. त्याला झोपायला सुरक्षित जागा, अंगाला ऊब, दूध आणि स्वच्छता इतके लागते. फिनलंडमध्ये १९३८ पासून गरजू मातांना, आणि १९४९ पासून सर्वच मातांना, सरकारकडून बाळाच्या सामानाची एक पुठ्ठ्याची पेटी मिळू लागली. त्या पेटीच्या तळाशी छोटी गादी असते आणि कित्येक बाळे सुरुवातीचे महिने त्या पेटीतच झोपली. बाळाच्या गरजा एका पेटीत मावतात, हे एका देशाने इतकी वर्षे करून दाखवले असताना, त्याच गरजांसाठी आपल्याला एक खोली भरून सामान लागते असे वाटायला लागते, यात दुकानदारांचे कौशल्य मोठे आहे.

झोपेच्या जागेवर मात्र मी थोडी रेंगाळणार आहे, कारण जाऊबाईंच्या पलंगाचा प्रश्न इथेच येतो आणि स्वस्त-महाग यापेक्षा सुरक्षित-असुरक्षित हा फरक इथे जिवाशी येणारा आहे. बाळाने पहिले वर्षभर पाठीवर झोपावे, सपाट आणि घट्ट गादीवर झोपावे, आणि त्या गादीवर ताणून बसवलेल्या चादरीखेरीज काहीही नसावे. उशी नको, जाड पांघरूण नको, मऊ खेळणी नकोत, कठड्याला बांधायच्या मऊ गाद्याही नकोत; अशा गाद्यांची आणि बाळाला तिरके झोपवणाऱ्या झोळ्यांची विक्री अमेरिकेने २०२२ च्या कायद्याने बंदच केली, कारण त्यांत बाळे गुदमरत होती. डोके गोल व्हावे म्हणून विकल्या जाणाऱ्या उशाही याच माळेतल्या. बाळ तुमच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या जागेवर झोपले पाहिजे, आणि ही व्यवस्था किमान पहिले सहा महिने ठेवायची आहे. म्हणजे बाळाची वेगळी खोली, तिचा रंग, तिच्यातले फर्निचर आणि तिच्यावर नजर ठेवणारा कॅमेरा हा सगळा खर्च वैद्यकीय सल्ल्याच्याच विरुद्ध जातो, म्हणून तो यादीतून खोडून टाका.

जाऊबाईंच्या पलंगाच्या दोन गजांमधले अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावे. त्याहून रुंद फटीतून बाळाचे अंग घसरते आणि डोके अडकते. एका बाजूचा कठडा वर-खाली सरकणारा असेल तर तो पलंग घेऊ नका. तसे पलंग जीवघेणे ठरल्यामुळे २०११ पासून अमेरिकेत विकता येत नाहीत. गज हलवून पाहा, खिळे-स्क्रू सुटले आहेत का ते बघा, रंगाचे पापुद्रे निघत असतील तर नकार द्या, कारण जुन्या रंगात शिसे असू शकते. गादी चारही बाजूंना घट्ट बसली पाहिजे. कडेला दोन बोटे जातील इतकी फट असेल तर ती गादी त्या पलंगाची नव्हे. पलंग या सगळ्यांत उतरला तर निःशंकपणे घ्या. गादी मात्र दबलेली किंवा मध्ये खोल झालेली असेल तर नवी घ्या, त्या पैशांची काटकसर नको.

जुन्या वस्तू घ्यायच्या की नाहीत, याचा मी एक साधा निकष लावते : वस्तू मोडली किंवा बिघडली तर बाळाला इजा होईल का? कपडे, दुपटी, चादरी, अंघोळीचे टब, पुस्तके यांच्या बाबतीत उत्तर ‘नाही’ असे आहे, म्हणून ती खुशाल जुनी घ्या, गरम पाण्यात धुवा आणि वापरा. वारंवार धुतलेले सुती कापड नव्या कापडाहून मऊ असते आणि त्यातली खळ, जास्तीचा रंग निघून गेलेला असतो. खरे तर बाळाच्या त्वचेला तेच अधिक मानवते. बाबागाडीचे ब्रेक, पट्टा आणि घडी घालायचे कुलूप चालते का ते पाहून घ्या. गाडीतल्या खुर्चीचा नियम वेगळा आणि कडक आहे. ती कधीही अपघातात सापडलेली नसावी, तिच्यावर छापलेली वापराची मुदत संपलेली नसावी, तिचे सगळे भाग आणि पट्टे मूळचेच असावेत आणि ती बाळाचे तोंड मागच्या बाजूला राहील अशी बसवता यावी. जाऊबाई घरातल्याच असल्यामुळे अपघाताचा प्रश्न तुम्ही स्पष्ट विचारू शकता आणि खरे उत्तरही मिळेल. अनोळखी माणसाकडून मात्र अशी खुर्ची कधीच घेऊ नका. तुमच्याकडे गाडीच नसेल, तर खुर्चीचा हा भाग सोडून द्या.

मन खट्टू होते असे तुम्ही लिहिले आहे, ते मी उडवून लावत नाही. पहिल्या बाळासाठी स्वतःच्या हाताने काहीतरी नवे आणावेसे वाटणे स्वाभाविक आहे, आणि काटकसरीच्या नादात ही इच्छा मारून टाकली तर ती नंतर नको त्या जागी उफाळते. बाळाला बरे नसताना, थकलेल्या रात्री, फोनवरून काहीतरी महागडे मागवले जाते. म्हणून वहीत एक छोटी रक्कम फक्त याच इच्छेसाठी लिहा आणि त्यातून तुम्हा दोघांना मनापासून आवडलेली एक गोष्ट नवी आणा, ती बाळाला लागणारी असो वा नसो. बाकीचे जाऊबाईंकडून घेताना संकोच वाटत असेल, तर त्यांना सरळ सांगा की काम झाल्यावर वस्तू धुऊन, नीट बांधून परत देऊ किंवा त्या म्हणतील त्या घरी पोचवू.

कपड्यांबद्दल थोडक्यात : बाळ साधारण पाच महिन्यांत जन्मवजनाच्या दुप्पट होते आणि वर्षभरात तिप्पट, त्यामुळे जन्माच्या मापाचे कपडे जेमतेम काही आठवडे येतात. सहा-सात झबली, तेवढेच पाय झाकणारे कपडे, दोन टोपरी, पायमोज्यांचे तीन-चार जोड आणि पाच-सहा सुती दुपटी एवढ्यावर रोजच्या धुण्यासह सगळे भागते, आणि त्यातली निम्मी झबली तीन महिन्यांच्या मापाची घ्या. टोपरे घरात झोपताना घालायचे नसते. बाळासाठी वेगळी साबणपूड लागत नाही. घरातली, तीव्र वासाची नसलेली पूड चालते.

लंगोटांचा हिशेब मात्र बसून करण्यासारखा आहे, कारण पहिल्या वर्षातला सर्वांत चिवट खर्च हाच. सुरुवातीच्या आठवड्यांत दिवसाला आठ ते बारा वेळा लंगोट बदलावा लागतो; दहा धरले तरी महिन्याला तीनशे होतात. तुम्ही जे डायपर घ्याल त्यातल्या एका डायपरच्या किमतीला तीनशेने गुणा आणि तो आकडा वहीतल्या पानावर लिहा, म्हणजे कापडी लंगोटांचा विचार करायचा की नाही हे तुमचे तुम्हालाच कळेल. कापडी लंगोट २० ते २४ असले की एक दिवसाआड धुवून पुरतात आणि जुन्या सुती कापडाचे घरी शिवता येतात. त्यांना पाणी, साबण, वाळवायला जागा आणि मुख्य म्हणजे धुणारे हात लागतात. ते हात प्रसूतीनंतरच्या पहिल्या महिन्यात तुमचे असता कामा नयेत. हे काम तुमच्या यजमानांनी अंगावर घेतले तर कापडी लंगोट स्वस्त पडतात, नाही तर ते तुमच्या झोपेच्या किमतीत पडतात. दिवसा कापडी आणि रात्री व बाहेर जाताना डायपर, हा मधला मार्ग मला सर्वांत व्यवहार्य वाटतो. कापड मऊ करणारे द्रव त्यांना लावू नका, त्याने पाणी शोषण्याची क्षमता जाते. डायपरही जन्मापूर्वी साठवून ठेवू नका. सवलतीत घेतलेले गठ्ठे बाळाच्या मापाचे राहत नाहीत किंवा त्या प्रकाराने पुरळ येते, आणि मग ते पडून राहतात. पुसायला कोमट पाणी आणि मऊ कापड पुरेसे आहे.

दुधाकडे येते. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे, पाणीसुद्धा देऊ नये, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस तुम्ही ऐकली असेलच. मध तर पूर्ण वर्षभर द्यायचा नाही. आईचे दूध फुकट असते असे म्हणतात, ते मला अर्धेच पटते. दूध पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ५०० कॅलरी अधिक लागतात आणि दिवसाला आठ ते बारा वेळा पाजण्याचा वेळ तिचाच जातो. म्हणून वहीच्या त्या पानांवर तुमच्या जेवणाची रक्कम कमी न करता थोडी वाढवून लिहा. जन्मानंतर तासाभरात बाळाला अंगावर घ्या आणि पहिल्या आठवड्यात पाजताना दुखत असेल किंवा बाळ नीट ओढत नसेल, तर ‘होईल सवय’ म्हणून थांबू नका. रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वीच परिचारिकेकडून बाळाला छातीशी धरण्याची पद्धत समजून घ्या, कारण त्या अर्ध्या तासाच्या मार्गदर्शनाने पुढचे दुधाच्या पावडरीचे कित्येक डबे वाचतात. पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसाला सहा किंवा अधिक वेळा ओले होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. बाळ रडते म्हणून दूध कमी आहे, असा निष्कर्ष घरातल्या कुणालाही काढू देऊ नका. दूध काढायचे यंत्र आधी घेऊ नका. हाताने दूध काढता येते, आणि कामावर परतताना यंत्र लागलेच तर भाड्याने मिळते का ते तेव्हा पाहा.

आणि काही कारणाने वरचे दूध द्यावे लागलेच, तर त्याचा अपराध मानू नका. बाळाच्या दुधाच्या पावडरीत काय असले पाहिजे हे नियमांनी ठरलेले असते, त्यामुळे मान्यताप्राप्त स्वस्त डबा आणि महागडा डबा यांत बाळाच्या पोषणाला फरक पडेल असे फारसे काही नसते. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणापेक्षा पाणी कधीही जास्त घालू नका. डबा चार दिवस जास्त पुरावा म्हणून दूध पातळ करणे ही तंगीतल्या घरात होणारी सर्वांत धोकादायक काटकसर आहे. त्याने बाळाच्या रक्तातले सोडियम घटून झटके येऊ शकतात. पावडर उकळून थोडे निवलेल्या, पण निदान ७० अंश सेल्सिअस गरम असलेल्या पाण्यात कालवावी, पिण्याइतपत कोमट करून द्यावी आणि दोन तासांत न संपलेले दूध टाकून द्यावे. बाटल्या निर्जंतुक करायला विजेवरचे यंत्र लागत नाही, झाकण असलेले पातेले आणि उकळते पाणी पुरते. डबा घेण्याइतके पैसे नाहीत अशी वेळ आली, तर घरगुती काहीतरी मिश्रण न करता थेट आरोग्य केंद्रात जा.

काय मुळीच घेऊ नये, असे तुम्ही विचारले आहे. बसायचे चाकांचे वॉकर घेऊ नका. बाळे त्यातून जिन्यावरून पडतात आणि त्याने चालायला लवकर शिकत नाहीत. कॅनडाने २००४ मध्ये त्यांवर पूर्ण बंदी घातली. अंगाला लावायची पावडर नको, ती श्वासात जाते. बाळाचे बूट, पुसायचे कागद गरम करणारे यंत्र, अंघोळीच्या पाण्याचे खास मापक, नाळेसाठीची मलमे, यांतले काहीच लागत नाही. नाळ कोरडी आणि स्वच्छ ठेवली की एक ते तीन आठवड्यांत आपोआप गळते. अंघोळीच्या पाण्यासाठी तुमचे कोपर पुरेसे आहे. एक वस्तू मात्र यादीत नसली तरी आणा : साधा डिजिटल तापमापक. तीन महिन्यांखालच्या बाळाचा ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक भरला तर घरगुती उपाय न करता लगेच डॉक्टर गाठायचे असतात, आणि हातावरून ताप ओळखता येत नाही. लसी बहुतेक देशांत सरकारी केंद्रांत विनामूल्य असतात. खासगी दवाखान्यातली लस महाग आहे म्हणून ती पुढे ढकलण्याऐवजी सरकारी केंद्रात वेळेवर द्या.

बाळ वेळेआधी किंवा कमी वजनाचे जन्मले तर काय, ही भीती तुमच्या पत्रात नसली तरी मनात असेल. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे सानाब्रिया यांच्या रुग्णालयात अशा बाळांना उबेत ठेवायच्या काचेच्या पेट्या (इन्क्युबेटर) पुरत नव्हत्या, तेव्हा त्यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल असे तासन्‌तास ठेवायला सुरुवात केली. कांगारू पद्धत म्हणून ती आज जगभर वापरली जाते आणि कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू त्याने घटतात हे सिद्ध झाले आहे. पूर्ण दिवसांच्या बाळालाही या स्पर्शाने ऊब मिळते आणि दूध लवकर येते. तुमच्या यजमानांनाही हे करता येते. बाळाला काही कमी पडू नये ही त्यांची तळमळ हप्त्यांपेक्षा इथे जास्त कामी येईल, असे त्यांना माझ्यातर्फे सांगा.

नातेवाईक आणि मित्रमंडळी काहीतरी आणतीलच. काय आणू, असे कुणी विचारले तर ‘काही नको’ असे म्हणू नका, कारण त्यानंतर एकाच मापाचे दहा झबल्यांचे संच घरात जमतात. एकाला तीन ते सहा महिन्यांच्या मापाचे कपडे, दुसऱ्याला गादी, तिसऱ्याला पहिल्या आठवड्यातला दोन वेळचा डबा असे वाटून सांगा. मागायला जड जाते हे मला माहीत आहे. पण विचारणाऱ्याला नेमके उत्तर देणे म्हणजे मागणे नव्हे.

या सगळ्यात तुमच्या स्वतःच्या मनाला एक पान द्या. बाळंत झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे १३ टक्के स्त्रियांना नैराश्य किंवा तत्सम त्रास होतो असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि पैशांची चिंता व एकटेपणा यांनी तो वाढतो. आताही यादी वाचून तुमची झोप उडाली आहे, हे पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सांगा. प्रसूतीनंतर दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत उदास वाटत असेल, बाळाबद्दल काहीच वाटेनासे झाले असेल किंवा स्वतःला इजा करण्याचा विचार आला तर त्याच दिवशी मदत मागायची आहे, आणि हे ठरवलेले तुमच्या यजमानांना आजच माहीत असू द्या, कारण त्या अवस्थेत बाईला स्वतःहून सांगणे सुचत नाही.

शेवटचे काम तुमच्या यादीत नव्हते, पण वहीच्या शेवटच्या पानावर ते येऊन उभे राहील : तुम्ही कामावर परतल्यावर बाळ कोणाजवळ राहणार. पाळणाघराचा मासिक खर्च, तुमच्या येण्याजाण्याचा खर्च आणि तुमचा पगार हे तीन आकडे शेजारी शेजारी मांडा. काही घरांत पहिली काही वर्षे त्या पगारातून फारसे उरत नाही, तरीही नोकरीतली वर्षे तुटू नयेत म्हणून परतणे योग्य ठरते. काही घरांत सहा महिने अधिक थांबणेच स्वस्त पडते. पाळणाघर असो वा घरातले वडीलधारे, जिथे ठेवायचे तिथे गरोदरपणाच्या सातव्या-आठव्या महिन्यातच बोलून ठेवा. चांगल्या जागांना प्रतीक्षायादी असते आणि वडीलधाऱ्यांनाही आपली सोय आधी बघावी लागते. हे तिन्ही आकडे हाती आले की मला पुन्हा लिहा, त्यांवर आपण स्वतंत्रपणे बोलू.